प्रेमदास मास्तरांचे उसने देव

पडदा वर जातो तेव्हा समोर सेलूतल्या एका घराची पुढची खोली दिसते. मातीच्या भिंती, चांगल्या सारवलेल्या, वर चुन्याचा हात. उजवीकडे दार, दाराबाहेर कडुनिंब आणि मे महिन्यातलं सकाळचं ऊन. डावीकडे बाजेवर एक म्हातारा बसलेला. मधल्या भिंतीवर लाकडी देवघर, त्यात शंख-चक्र घेतलेला विष्णू, पुढे पितळी घंटा, निरांजन आणि आदल्या दिवशी बाजारातून आणलेली कुंकवाची डबी. देवघराच्या वर दोन चौकोन. बाकीची भिंत चुलीच्या धुरानं पिवळी पडलेली, हे दोन चौकोन तेवढे पांढरे. ज्याला नेपथ्याची नजर आहे त्याला पाहताक्षणी कळावं की इथे पुष्कळ वर्षं दोन तसबिरी होत्या आणि त्या कालपरवाच उतरल्या आहेत.

ते चौकोन झाकायला मी गणपतीचं कॅलेंडर नेलं होतं. एकच मिळालं. दुसरा चौकोन उघडा राहिला.

साल एकोणीसशे त्र्याऐंशी. देवघर, विष्णू, घंटा हे सगळं आमच्या नाटक मंडळीच्या ट्रंकेतलं. विष्णू कागदाच्या लगद्याचा, आतून पोकळ, वर पितळी रंग. लांबून पाहिलं तर डोळे दिपावेत असा. हात लावला तर मात्र संपलं.

ज्यांच्या घरी हे नेपथ्य लागलं, त्या प्रेमदास मास्तरांबद्दल मला लिहायचं आहे. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यावर दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही.

आमची मंडळी सिंदी रेल्वेची. कापसाचा हंगाम सरला, जिनिंगच्या आवारातल्या गाड्या थांबल्या, की आम्ही तिथेच कनात ठोकायचो आणि पौराणिक खेळ लावायचो. मिसरूड दाट होईपर्यंत मी राण्या केल्या, पुढे राजे केले. प्रेमदास मास्तर सेलूच्या प्राथमिक शाळेत शिक्षक. शाळा सुटली की पॅसेंजर गाडीनं यायचे आणि विंगेत उभे राहून प्रॉम्प्टिंग करायचे. अकरा वर्षं केलं. पुस्तक हातात असायचं, पण त्यात पाहायची त्यांना गरज नसे. द्रौपदीपासून द्वारपालापर्यंत सगळ्यांची वाक्यं त्यांना पाठ. आवाज असा की पाचव्या पावलावरच्या नटाला ऐकू जाई आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला जात नसे. रंगमंचावर त्यांना कधी कोणी बोलावलं नाही. त्यांची जात सगळ्यांना माहीत होती. मी बोलावू शकलो असतो. मीही बोलावलं नाही.

त्यांचे वडील श्रावणबुवा. छप्पन साली दसऱ्याला नागपूरला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी घरातले सगळे देव टोपलीत घालून बोर नदीत सोडून आले. सोबत सव्वीस वर्षांचे प्रेमदास होते. तेव्हापासून त्या भिंतीवर दोनच तसबिरी. एक बुद्धाची, एक बाबासाहेबांची.

मास्तरांची मुलगी कांता. हुशार, तोंडानं तिखट. एकोणऐंशी साली केंद्र सरकारच्या एका खात्यात तिनं अर्ज केला. खात्याचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं हयात आहेत. परीक्षा पास झाली, राखीव जागेवर नाव लागलं, फक्त जातीचा दाखला आणायचा राहिला. आणि तिथे गाडी अडली. मास्तर सातवीला नागरिकशास्त्र शिकवायचे, कलमं त्यांना आमच्या नाटकांसारखीच पाठ. एकदा सिंदीच्या फलाटावर त्यांनी मला ते समजावलं होतं.

"पंचवीस कलम काय म्हनते? ज्याले जो धर्म पटते तो पाळा. सोळा काय म्हनते? जे मांगं राह्यले त्यायच्यासाठी नोकरीत जागा ठेवू. दोनी चांगले. पन मधात पन्नास सालचा एक हुकूम हाय, रूपरावजी. थो म्हनते, हिंदू असन, नाई तं शीख असन, तरच थो मांगं राह्यलेला. बौद्ध झाला का संपलं."

"म्हणजे धर्म बदलला की माणूस एका दिवसात पुढे जातो?"

"कागदावर जाते. वस्ती तिथंच राहते."

"पण तुम्हाला तर सवलत मिळाली होती."

"ते राज्य सरकारची. मुंबईची गोष्ट येगळी, दिल्लीची येगळी."

तहसिलीतल्या कारकुनानं सोपा रस्ता सांगितला. मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर जुन्या हेडमास्तरांनी सवयीनं 'हिंदू महार' लिहिलेलंच आहे. आता वडिलांनी स्टँप पेपरवर तेवढंच लिहून द्यायचं. "मास्तर, सारेच लिवतात. घरी कोन पाहाले येते?" मास्तर तो कागद घेऊन दोन दिवस फिरले. तिसऱ्या दिवशी सही केली. श्रावणबुवांना सांगितलं नाही. कांता नोकरीला लागली, वर्ध्याला खोली घेऊन राहू लागली, आणि तीन वर्षं कोणी काही विचारलं नाही.

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा पुलगावचा. लग्न बौद्ध पद्धतीनं, पत्रिका तशीच. वर 'श्री गणेशाय नमः' नाही, बुद्धाचं चित्र आणि खाली 'मंगल परिणय'. मास्तरांनी ती स्वतः छापून घेतली, मुद्रितं तपासली, एक वेलांटी चुकली होती ती दुरुस्त केली. आणि पेढ्यांचा पुडा घेऊन कांताच्या ऑफिसात गेले. साहेबापासून शिपायापर्यंत प्रत्येकाच्या हातात त्यांनी आपल्या हातानं एकेक पत्रिका दिली. मुलीच्या ऑफिसला आमंत्रण द्यायचं नाही, ही कल्पना त्यांच्या मनात येणं शक्य नव्हतं. ऑफिसातली पंधरावीस माणसं लग्नाला आली, जेवली, फोटोत उभी राहिली.

वर्षभरानं एक निनावी अर्ज गेला. सोबत ती पत्रिका टाचलेली. सदर मुलगी बौद्ध असून तिने हिंदू म्हणून दाखला दिला आहे, चौकशी व्हावी. पत्रिका कोणाची होती ते कधीच कळलं नाही. सगळ्यांनाच एकेक मिळाली होती.

कांताला नोटीस आली. चौकशी अधिकारी माहेरच्या घराला भेट देतील, वडिलांचा जबाब घेतील. दाखला खोटा ठरला तर नोकरी जाईल, आणि खोटं प्रतिज्ञापत्र दिल्याबद्दल मास्तरांवर खटला होऊ शकतो. मास्तर ती नोटीस घेऊन सिंदीला माझ्याकडे आले. पाणी प्यायले. नोटीस माझ्यासमोर ठेवली. मी वाचली.

"रूपरावजी, तुमच्या ट्रंकेत देव हायेत नं?"

एवढंच म्हणाले.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी मी बैलगाडीत सामान घालून सेलूला गेलो. खिळे ठोकले. नाटकाचं नेपथ्य लावताना जसा गोंगाट असतो तसाच तिथेही होता, आणि खरं सांगतो, मला सुरुवातीला थोडी गंमतही वाटत होती. मास्तरांची बायको अन्नपूर्णाबाई कमरेवर हात देऊन पाहत होत्या.

"देव आनले तं दिवा लावा लागन. तेल तुमच्या मंडळीतून येईन का, रूपरावभाऊ?"

"आणतो की."

"अन् कोन्या हातानं ओवायतात? सत्तावीस वर्षं झाले बाप्पा, भुलली मी."

कांता सासरहून आली होती. ती म्हणाली, "माय, उजव्या हातानं. अन् सायेब आले का तू स्वयपाकघरात राहाजो. तुले हासू येते."

"मले काऊन हासू येईन? रडू येत नाई तं हासू काऊन येईन?"

तसबिरी मास्तरांनीच उतरवल्या. स्टुलावर चढले, एकेक काढली, जुन्या लुगड्याच्या कापडानं पुसली, धोतरात गुंडाळून आपल्या ट्रंकेत ठेवली. ट्रंकेत आधीच त्यांचं संविधानाचं पुस्तक होतं, नागरिकशास्त्राची टिपणं होती. कुलूप लावलं. त्यांचा चेहरा मला दिसत होता आणि त्यावर काही नव्हतं. मी आयुष्यभर चेहरे पाहिलेत. राग दाबलेला चेहरा कळतो, रडू दाबलेला कळतो. हा तसा नव्हता.

प्रश्न राहिला श्रावणबुवांचा. त्या दिवसापुरतं त्यांना सिंदीला मास्तरांच्या बहिणीकडे पाठवावं असं कांताचं मत.

"आबा, एक दिवस जा नं. आत्याले भेटून या."

"मले ठाऊक हाय काऊन धाडून राह्यली."

"मंग जा."

"हे घर माह्यं हाय. मी इथंच बसन."

"अन् सायेबानं इचारलं तं?"

"पाहू."

"पाहू नाई, आबा! माही नोकरी जाईन. बाबायले जेल होईन. एक शब्द तोंडातून गेला तं संपलं. देव लावले म्हनून काई बुद्ध पयून नाई जात."

श्रावणबुवांनी तिच्याकडे पाहिलं. "मी पन्नास वर्षं मेलेली ढोरं वाहून नेली, पोरी. मले कोनी इचारलं नाई का तुले काय वाटते. मंग एक दिवस मले वाटलं ते मी केलं. एकच दिवस. थो बी तुमाले पुरत नाई का?"

मास्तर दारात उभे होते. बुवांनी बाज थोडी सरकवून घेतली आणि पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला साहेब आले. सदाशिवराव नावाचे, निवृत्तीला आलेले, जाड चष्म्याचे, बोलायला मऊ. मी शेजारी म्हणून खुर्चीवर बसलो होतो. कांता माजघराच्या दारात. साहेबांनी चपला बाहेर काढल्या, आत आले आणि सरळ देवघरासमोर जाऊन हात जोडले. मग पुढे वाकले. त्यांचं कपाळ विष्णूच्या पायांपासून चार बोटांवर थांबलं. पोकळ लगद्याला कपाळ टेकलं असतं तर आवाजच वेगळा आला असता. टेकलं नाही. ते मागे वळून बसले.

"छान मूर्ती. जुनी दिसते."

"हो साहेब," मास्तर म्हणाले. साहेबांशी ते शाळेतली भाषा बोलत होते. "घरातली आहे."

"पूजा कोण करतं?"

"मीच करतो."

"रोज?"

"रोज."

साहेबांनी चहाचा घोट घेतला. "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका, मला रिपोर्टात लिहावं लागतं. रोज देवापुढे काय म्हणता ते जरा म्हणून दाखवा."

कांतानं दाराची चौकट धरली. आम्ही सगळी तयारी केली होती, ही केली नव्हती.

मास्तर उठले. देवघरासमोर उभे राहिले आणि त्यांनी सुरू केलं. मला पहिल्याच ओळीला कळलं. आमच्या एका खेळाची नांदी होती, विष्णुस्तवनाची, अकरा वर्षं त्यांनी विंगेतून आम्हाला पुरवलेली. ती संपली तेव्हा ते थांबले नाहीत. पुढच्या प्रवेशातला भक्ताचा धावा घेतला, मग दुसऱ्या नाटकातलं स्तोत्र. एक अक्षर चुकलं नाही. आवाजात चढ नाही, उतार नाही. चार हातांवर बसलेल्या साहेबांना ऐकू जाईल एवढाच आवाज. साहेबांनी मध्येच डोळे मिटले आणि मांडीवर बोटांनी ठेका धरला. त्यांनी ती नांदी ओळखली की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. ओळखली असेल तर तो मोठा माणूस.

"पुरे, मास्तर. पुरे." मग ते बाजेकडे वळले. "आजोबा, तुम्ही सांगा. भिंतीवरचे हे देव आधीपासून इथेच आहेत ना?"

श्रावणबुवा उठून बसले. त्यांना लांबून येणारी बैलगाडी कोणाची हे बैलांवरून ओळखू यायचं, अशी नजर. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, बराच वेळ तसंच ठेवलं.

"मले दिसत नाई, सायेब," ते म्हणाले. "माह्ये डोये गेले."

साहेबांनी मान हलवली. पत्रिकेचं काय, असं विचारलं. मास्तरांनी सांगितलं की ती मुलाकडच्यांच्या इच्छेनं छापली, लग्न त्यांच्या पद्धतीनं झालं. साहेबांनी एक कोरा कागद पुढे केला. मास्तरांनी आपल्या टपोऱ्या, वळणदार अक्षरात लिहिलं की मी व माझे कुटुंब हिंदू धर्म पाळतो. वाचून पाहिलं, एक स्वल्पविराम घातला, सही केली. साहेब निघाले. दारात चपला घालताना म्हणाले, "मुलीला म्हणावं, काम नीट कर."

महिनाभरानं चौकशी निकालात निघाल्याचं पत्र आलं. नोकरी राहिली.

मी देव परत न्यायला गेलो. गणपतीत आमचा खेळ होता, विष्णू लागणार होता. मास्तर ओट्यावर वह्या तपासत बसले होते.

"राहू द्या नं, रूपरावजी. फाइल बंद झाली, पन उघडता येते."

"अहो, निकाल लागला."

"अर्ज एकानं केला. दुसरा बी करू शकते."

मी देव तिथेच ठेवले. आम्ही त्या वर्षी विष्णू नवा केला.

त्यानंतरची पाच वर्षं सांगण्यासारखी फार नाहीत. मास्तर प्रॉम्प्टिंगला येईनासे झाले. भांडण नव्हतं, निरोप नव्हता. बोलावलं तर म्हणायचे, येतो, आणि येत नसत. शाळेत जात, शिकवत. पंचवीस कलम आलं की पुस्तकातून वाचून दाखवत आणि पुढच्या धड्यावर जात, असं त्यांच्याच एका विद्यार्थिनीनं मला सांगितलं. पूर्वी त्या एका कलमावर ते तीन दिवस घेत. घरी रोज सकाळी दिवा मात्र लावत. कोणी येणार नसलं तरी लावत. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "देव मानत नाई, अन् दिवा चुकत नाई. आसं मानूस मी पाह्यलं नाई, भाऊ."

श्रावणबुवांनी चौकशीच्या दिवशीच बाज बाहेर पडवीत नेली होती. पाऊस आला तरी आत येत नसत. आंधळे म्हणून सांगितलं होतं, म्हणून बाहेरच्या माणसासमोर आंधळ्यासारखेच वागत, भिंतीला हात लावत चालत. पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात ते वारले. वस्तीतली माणसं जमली. कांताच्या ऑफिसातलेही चौघे आले होते, चांगल्या मनानं आले होते. प्रेत उचलण्याआधी वस्तीतल्या एका वडीलधाऱ्यानं त्रिशरण म्हणायला तोंड उघडलं. मास्तरांनी तळहात खाली केला, हळू, अशी खूण केली. तो गांगरून थांबला. मग सगळ्यांनी ते ओठांतल्या ओठांत म्हटलं. ऑफिसातली माणसं मान खाली घालून उभी होती. त्यांना काही ऐकू आलं नाही. मी मध्ये उभा होतो, मलाही आलं नाही.

कांता त्यावर एकदा बोलली होती, तीही वडिलांसमोर नाही, माझ्यासमोर. "मामा, मले आबाचं तोंड आठवते. नोकरी सोडतो म्हटलं होतं मी बाबायले. तं म्हनाले, मंग मी लिवलं कायले?"

अठ्ठ्याऐंशी साली मास्तर निवृत्त झाले आणि त्याच वर्षी अंथरुणाला खिळले. मूत्रपिंडं गेली होती. दवाखान्यातून घरी आणलं. मी भेटायला गेलो तेव्हा ते त्याच खोलीत होते. देवघराला कोळिष्टकं होती, विष्णूचा रंग एका खांद्यावरून उडाला होता आणि आतला कागद दिसत होता. दुसरा चौकोनही आता धुरानं पिवळा झाला होता. नव्या माणसाला कळलंही नसतं की तिथे कधी काही होतं. पुढे नव्वद साली दिल्लीनं त्या पन्नास सालच्या हुकुमात 'बौद्ध' हा शब्द घातला. आम्हाला त्या खोलीत ते ठाऊक असणं शक्य नव्हतं.

कांता आली होती. तिशीची झाली होती, कडेवर लहान मुलगी. तिनं ट्रंक उघडली, धोतराची गुंडाळी सोडली आणि दोन्ही तसबिरी बाहेर काढल्या. काचेवर बुरशी आली होती. तिनं पदरानं पुसल्या, वडिलांच्या उशाशी आणून धरल्या.

"बाबा, मी हे लावून राह्यली."

मास्तरांनी मान वळवली. तसबिरींकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"पर्मनंट झाली का तू?"

"झाली नं, बाबा. कवाचीच झाली. प्रमोशन बी झालं."

"ऑर्डर हाय का जवळ?"

"घरी हाय. आता कोनी येत नाई, बाबा. पाच वर्षं झाले. लावू द्या नं मले."

मास्तरांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. कांतानं स्टूल ओढलं, त्यावर चढली, गणपतीच्या कॅलेंडरला हात घातला. तेवढ्यात ते बोलले. यानंतर ते दोन दिवस होते, पण तोंडातून शब्द निघाला नाही. आवाज तसाच होता, चढ नाही, उतार नाही.

"उतर खाली. तू रिटायर झाली का मंग लावजो."